जमीन राखणारी धाकटी लेक : फ्रान्सच्या एका जुन्या रंगीत सिनेमाची गोष्ट

'इतिहासातल्या बाया' या मालिकेत आज आम्ही तुम्हाला लांबच्या देशात घेऊन जाणार आहोत. देश फ्रान्स, साल 1936. त्या वर्षी तिथे एक सिनेमा निघाला, 'ला तेर की मर'. मराठीत सांगायचं तर 'मरू घातलेली जमीन'. फ्रान्समध्ये जे अगदी सुरुवातीचे रंगीत बोलपट झाले, त्यांतला हा एक. दिग्दर्शकाचं नाव जाँ वाले. पिएर लार्के हे त्या काळचे नावाजलेले नट त्यात होते.

तुम्ही म्हणाल, फ्रान्सचा सिनेमा आणि आपल्या गटाच्या बैठकीचा काय संबंध? संबंध आहे, कारण ही गोष्ट एका शेतकऱ्याच्या घराची आहे. पोरं एकेक करून शहराकडे निघून जातात आणि बापाला प्रश्न पडतो, आता ही जमीन कोण कसणार? हा प्रश्न आपल्या गावात काही नवा नाही.

सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतला, ती आली 1899 साली. लेखक रने बाझाँ. हे आँजे गावचे, कायद्याचे प्राध्यापक. खेड्यातल्या माणसांवर त्यांनी पुष्कळ लिहिलं. 1903 साली त्यांची निवड फ्रेंच अकादमीवर झाली. साहित्यातला हा तिथला फार मोठा मान. या कादंबरीवर 1926 साली एक मूकपटही निघाला होता. दहा वर्षांनी तीच गोष्ट बोलू लागली आणि रंगातही आली.

दलदलीतलं रान

आधी जागा समजून घेऊ. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्राकाठी वाँदे नावाचा मुलूख आहे. त्याचा एक भाग सपाट, दलदलीचा. जिकडेतिकडे चर खणलेले, त्यांत पाणी. पावसाळी हिवाळ्यात सगळं रान पाण्याखाली जायचं आणि लोक सपाट तळाच्या होड्यांतून ये-जा करायचे. उरलेल्या दिवसांत हातात लांब काठी घ्यायची, ती चरात रोवायची आणि उडी मारून पलीकडे जायचं. बायासुद्धा अशाच उड्या मारत जायच्या.

घरं मातीच्या भिंतींची, वर बोरूचं छप्पर. झाडं कमी, म्हणून सरपणाची टंचाई. मग चुलीत काय घालायचं? गाईचं शेण पेंढ्यात कालवून, थापून, वाळवून ठेवायचं आणि वर्षभर तेच जाळायचं. म्हणजे गोवऱ्याच! फ्रान्स म्हटलं की आपल्याला पॅरिस आणि अत्तर आठवतं. पण तिथल्या या बायांचे हातही शेणाने भरलेले असायचे.

या दलदलीत सालेर्तेन नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरात गोष्टीतलं शेत, ला फ्रोमाँतिएर. फ्रेंचमध्ये 'फ्रोमाँ' म्हणजे गहू. शेताच्या नावातच गहू आहे. शेत कसणारा तूसाँ ल्युमिनो मालक नाही, कूळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराने ती जमीन कसली, पण मालकी एका सरदार घराण्याची. पूर्वी हा सरदार शेजारच्या वाड्यात राहायचा, कुळांची विचारपूस करायचा. आता तो पॅरिसला राहायला गेलाय. वाडा बंद. वसुलीला कारभारी येतो. मालकाला गावाकडून फक्त पैसा हवा, आणि पुढे तर वाड्यातल्या सामानाचाही लिलाव होतो.

इथे बाझाँ यांनी एक नेमकी गोष्ट पकडलीय. गाव सोडणारा पहिला माणूस गरिबाचा पोरगा नव्हता, मालक होता. लोक 'पोरांना शेती नको' म्हणून पोरांना बोल लावतात. पण ज्याच्याकडे जमीन होती, पैसा होता, तोच आधी उठून गेला.

घरातली पाच मुलं

तूसाँला पाच मुलं. थोरला मात्युरँ. गाडीखाली चिरडून त्याचे पाय गेले, तेव्हापासून तो कुबड्यांवर. शेत आपल्याला मिळणार होतं, लग्न ठरलं होतं, सगळंच गेलं. तो घरात कडवट होऊन बसलाय. आपण अजून थोरले आहोत, शेत आपलंच, हे त्याच्या मनातून जात नाही.

दुसरा फ्राँस्वा आणि मोठी मुलगी एलेओनोर. ही दोघं मिळून घर सोडतात. ला रोश नावाच्या शहरात फ्राँस्वाला रेल्वेत नोकरी लागते, एलेओनोर तिथे एक छोटं कॅफे, म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलासारखं दुकान चालवायला घेते.

मग आँद्रे. हा आफ्रिकेत सैन्यात होता. तो परत येतो तेव्हा बापाला वाटतं, आता चिंता मिटली. आँद्रेला शेतीची आवड आहे, अंगात जोर आहे. पण घर रिकामं पाहून त्याचंही मन उडतं. एक दिवस तोही न सांगता निघतो आणि अँटवर्प बंदरातून जहाजात बसून समुद्रापार अमेरिका खंडाकडे जातो. त्याला जमीन नकोय असं नाही, दुसरीकडची नवी जमीन हवीय.

सगळ्यांत धाकटी मारी-रोझ. घरात तिला रूझी म्हणतात. तिचं घरच्या गड्यावर, जाँ नेस्मीवर प्रेम आहे. जाँ कामाला वाघ, पण गरीब, आणि बाहेरचा. दलदलीतले लोक शेजारच्या झाडीच्या मुलखातल्या लोकांना कमी लेखायचे. जाँ त्या झाडीतला. बापाला कळतं तेव्हा तो जाँला कामावरून काढून टाकतो. आमच्या घरची पोर परमुलखातल्या गड्याला देणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. रूझी रडते, पण घर सोडत नाही. गावात शिवणकाम करून पोट भरणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत. रूझी त्यांच्याजवळ मन मोकळं करते आणि इकडे रोजची कामं करत राहते.

शेवटी होतं काय? मात्युरँचा हिवाळ्यात दलदलीतच अंत होतो. फ्राँस्वा नाही, आँद्रे नाही. ज्या तीन मुलांच्या भरवशावर बाप बसला होता, त्यांतलं एकही जवळ उरत नाही. तेव्हा म्हातारा त्याच गड्याला परत बोलावतो. रूझी आणि जाँ यांचं लग्न होतं आणि शेत पुढे चालू राहतं. जिला बापाने कधी शेताच्या हिशोबात धरलीच नव्हती, तिच्यामुळे जमीन वाचते.

द्राक्षाच्या मुळाला लागलेली कीड

कादंबरीत एक प्रसंग आहे, द्राक्षबाग उपटण्याचा. मरून गेलेल्या वेली बाप आणि मुलगा मुळासकट काढतात. हे लेखकाने मनाने रचलेलं दुःख नव्हे. 1860च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची बारीक कीड फ्रान्समध्ये आली. ती मुळातला रस शोषते. वेल वरून पिवळी पडते आणि दोन-चार वर्षांत मरते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षबागा या किडीने खाल्ल्या. किती घरं देशोधडीला लागली त्याची मोजदाद नाही.

उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलीच्या मुळांना ही कीड फारसं काही करू शकत नव्हती. मग खुंट अमेरिकेचा आणि वर कलम फ्रान्सच्या द्राक्षाचं, अशा बागा उभ्या राहिल्या. आपल्या नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, तो खुंटही मूळ अमेरिकेतलाच. आपल्याकडे तो घेतात तो पाण्याची कमतरता आणि खारवट जमीन सोसतो म्हणून. पण परक्या मुळावर आपली वेल, ही युक्ती जगभर पसरली ती या संकटापासून.

नव्या बागेला मात्र पैसा लागतो. खुंट विकत घ्या, कलम करा, तीन-चार वर्षं थांबा. ज्याची जमीनच स्वतःची नाही, त्या कुळाने हा खर्च कोणाच्या जिवावर करायचा? मालक पॅरिसला. म्हणून आम्हाला वाटतं, पोरं गेली ती नुसती शहराच्या झगमगाटाला भुलून गेली नाहीत. रेल्वेत दर महिन्याला पगार होता, तिकडे शेतात नुसता खंड आणि थकबाकी.

एलेओनोरला दोष द्यायचा का?

बाझाँ हे जुन्या वळणाचे, धर्मनिष्ठ गृहस्थ. घर सोडणं म्हणजे जमिनीशी बेइमानी, असा त्यांच्या लिहिण्याचा कल आहे. त्यांचा जीव रूझीवर आहे, एलेओनोरवर नाही. पण आपण बायांनी ही गोष्ट ऐकताना एलेओनोरकडेही बघायला हवं.

तिच्या वाट्याला शेतात काय होतं? पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, आणि हातात स्वतःचा एक पैसा नाही. शेत भावाला जाणार हे ठरलेलं. मग तिने चार टेबलं मांडून स्वतःचा गल्ला सांभाळावा असं ठरवलं, तर त्यात बेइमानी कसली? गटातल्या आपल्या कितीतरी जणींनी चहाची टपरी, पिठाची गिरणी, शिलाई मशीन याच कारणाने घेतली. रूझीने जमीन राखली आणि एलेओनोरने आपली वाट धरली. दोघींनाही कष्ट चुकले नाहीत.

सिनेमा आला तेव्हाचा फ्रान्स

कादंबरी 1899ची आणि हा बोलपट 1936चा. मधल्या सदतीस वर्षांत फार काही घडलं. 1914 ते 1918 या पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक मेले. त्यांत खेड्यातले तरुण फार मोठ्या संख्येने होते. युद्ध सुरू झालं ते ऑगस्टमध्ये, ऐन सुगीत. पुरुष एका रात्रीत बोलावले गेले आणि पीक रानात उभं. 7 ऑगस्ट 1914 रोजी पंतप्रधान विवियानी यांनी फ्रान्सच्या बायांना जाहीर आवाहन केलं, सुगी पूर्ण करा, पुढच्या पेरणीचीही तयारी करा. बायांनी ते केलं. घोडे सैन्यात गेलेले, तरीही नांगर चालला. चार वर्षं त्या देशाने भाकरी खाल्ली ती बायांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातची.

तरीही गावं रिकामी होतच राहिली. 1931च्या जनगणनेत फ्रान्समध्ये पहिल्यांदा शहरातली माणसं खेड्यातल्या माणसांपेक्षा जास्त भरली. आणि त्यानंतर पाच वर्षांनी हा सिनेमा पडद्यावर आला. थिएटरात बसलेल्या कितीतरी जणांचे आईबाप कुठल्यातरी खेड्यात असणार. पडद्यावर चाललेली गोष्ट त्यांच्या घरची होती.

रंग आणि बायांचे हात

आता रंगाची गोष्ट. हिच्यातही बाया आहेत.

सिनेमात रंग अगदी सुरुवातीपासून होता, पण तो हाताने भरलेला. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थ्यूलिए नावाच्या बाईंचा कारखाना होता. तिथे सुमारे दोनशे बाया काम करायच्या. फिल्मची पट्टी म्हणजे बोटाएवढी चित्रं, एका मिनिटाच्या सिनेमात शेकडो. एकेका चित्रात बारीक कुंचल्याने रंग भरायचा. एकीने फक्त एकच रंग लावायचा आणि पट्टी पुढच्या बाईकडे सरकवायची. जादूच्या सिनेमांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेलिएस यांची रंगीत चित्रं याच बायांच्या हातची. पुढे पाते कंपनीने साच्यांची पद्धत काढली. जिथे रंग हवा तेवढा भाग कापून काढायचा आणि त्या साच्यातून रंग द्यायचा, आपण रांगोळीच्या छापाने रंग टाकतो तसं. ते साचे कापायलाही शेकडो मुली बसायच्या. पडद्यावर नाव मात्र त्यांच्यापैकी एकीचंही यायचं नाही.

'मरू घातलेली जमीन' या सिनेमाची तऱ्हा वेगळी. इथे रंग हाताने भरला नव्हता, कॅमेऱ्यानेच टिपला होता. त्या पद्धतीचं नाव फ्रान्सिता. सोपं करून सांगतो. कॅमेऱ्यात एकाच वेळी एकाच दृश्याची तीन छोटी चित्रं घ्यायची, एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. ही तिन्ही चित्रं फिल्मवर काळी-पांढरीच दिसतात. सिनेमा दाखवताना ती पुन्हा त्याच तीन रंगांच्या काचांतून पडद्यावर एकमेकांवर पाडायची. तीन प्रकाश एकत्र आले की खरे रंग दिसतात.

ऐकायला छान, करायला अवघड. कॅलेंडरवर छपाई सरकली की देवाच्या चेहऱ्याचा रंग मुकुटाबाहेर जातो, पाहिलंय ना? तसंच इथे. काचा केसभर हलल्या की माणसाभोवती लाल-हिरवी कड दिसायची. शिवाय रंगीत काचा प्रकाश खातात, त्यामुळे चित्र मंद दिसायचं. प्रत्येक थिएटरात खास भिंग बसवायला लागायचं, ते परवडेना. म्हणून ही पद्धत फार चालली नाही. पुढे ज्या फिल्ममध्येच रंग उतरतो, अशा फिल्मने बाजार जिंकला.

आणि आपल्याकडे? 1933 साली आपल्या प्रभात कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करायचं धाडस केलं होतं. प्रती जर्मनीत छापून घेतल्या, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. मग 1937 साली मुंबईत, इम्पीरियल कंपनीत, भारतातच तयार झालेला पहिला रंगीत बोलपट आला, 'किसान कन्या'. निर्माते आर्देशीर इराणी, दिग्दर्शक मोती गिडवाणी, आणि लेखनात सआदत हसन मंटो. विषय काय? गरीब शेतकरी आणि जुलमी जमीनदार. फ्रान्समध्ये 1936, आपल्याकडे 1937, आणि दोन्हीकडे नवा रंग ज्या गोष्टींना लागला त्या शेतीच्याच.

शेत वाचलं, नाव कोणाचं?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. रूझीने शेत वाचवलं, हे खरं. पण नीट बघा. बाप शेत पुढे देतो ते जावई आला म्हणून. घरात कसणारा पुरुष आला, तेव्हा म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. रूझी त्या घरात आधीपासूनच राबत होती की!

कायदाही तसाच होता. फ्रान्सच्या 1804च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला होता. ऐकायला फार पुढारलेलं. पण त्याच कायद्याने लग्न झालेल्या बाईचे हात बांधले होते. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला करार करता येत नव्हता. म्हणजे वाटा तिचा, सही नवऱ्याची. हा सिनेमा थिएटरात लागला तेव्हाही हेच चालू होतं. ते बंधन सैल झालं 1938 साली.

आणखी एक गंमत सांगतो. त्याच 1936 साली फ्रान्सच्या सरकारात पहिल्यांदा तीन बाया उपमंत्री झाल्या. त्यांतल्या इरेन जोलिओ-क्युरी तर नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञ. पण त्या तिघींना मत द्यायचा हक्क नव्हता! फ्रान्सच्या बायांनी पहिलं मतदान केलं ते एप्रिल 1945 मध्ये. नवऱ्याला न विचारता स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडण्याचा हक्क विवाहित बाईला मिळाला तो 1965च्या कायद्याने. आणि नवरा-बायकोला मिळून शेतीची कंपनी काढून दोघांनी बरोबरीने शेतकरी म्हणवून घेता येईल, असा कायदा झाला 1985 साली. तोवर शेतात आयुष्य घालवलेली बाई कागदावर नुसती 'शेतकऱ्याची बायको' होती.

आपल्याकडचं पाहू. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. 2005 साली तो सगळ्या देशाला लागू झाला. त्याआधी, 1990च्या आसपास, शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावावर करावा, असं ते आवाहन होतं आणि कितीतरी गावांनी ते मनावर घेतलं.

कायदा आहे. पण हक्कसोड पत्रावर अंगठा घ्यायला भाऊ येतो, तेव्हा माहेर तुटेल या भीतीने आपण सही करून मोकळ्या होतो. पोरगा पुण्या-मुंबईला, सातबारा त्याच्या नावावर, आणि रानात राबणारी सून किंवा लेक. कर्ज काढायला गेलं, पीकविमा भरायला गेलं, नुकसानभरपाई मागायला गेलं, की साहेब पहिला प्रश्न विचारतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचं? ज्या घरात रूझी राबते, तिथे कागदावरही रूझी हवी. नाहीतर जमीन वाचवायची तिने आणि दुष्काळाचे पैसे जायचे भलत्याच्या खात्यात.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ चा उतारा आणायचा. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवायचा. माहेरच्या जमिनीला वारस म्हणून आपलं नाव लागलंय का, सासरी नाव आहे का, की फक्त भोगवटादार म्हणून नवऱ्याचंच आहे, हे बघायचं. नाव लागलं नसेल तर तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा, ते पुढच्या भागात सविस्तर सांगू. आणि कुठल्याही हक्कसोड पत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी गटात एकदा बोला. एकटीने निर्णय घेऊ नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.